झोपेतली नाडी

१७ नोव्हेंबर १९७४, रविवार

प्रयोगशाळेतली एक कोरी वही घरी आणली आहे. सरकारी वही घरच्या कामाला वापरणं हा गुन्हाच, पण आज काहीतरी लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही.

वृंदाला काय झालंय ते आज कळलं. म्हणजे कळलं असं डॉक्टर भादुरींना वाटतं. महिन्याच्या सुरुवातीला तिला फ्लू झाला, आठवड्यात ताप उतरला, दोन दिवस कॉलेजलाही जाऊन आली. मग परवा केस विंचरताना दम लागला आणि कंगवा हातातून पडला. केस विंचरताना! छातीत दुखतंय म्हणाली. मी म्हटलं, एकोणीस वर्षांच्या मुलीच्या छातीत काय दुखायचंय, ट्रामच्या दांड्याला लोंबकळलीस असशील. मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने डॉक्टरांकडे गेलो.

आज ते आपलं ईसीजीचं यंत्र घेऊन घरी आले. तीन मजले चढून आल्यावर आधी त्यांचाच ईसीजी काढावा असं वाटलं. कागदाची पट्टी दोनदा वाचली, छाती बराच वेळ ऐकली. मग बाहेरच्या खोलीत येऊन म्हणाले, "चारुबाबू, मायोकार्डायटिस असावा. हृदयाच्या स्नायूला सूज. त्या तापाचंच हे शेपूट असावं." तीन वाक्यांत दोन 'असावा'. मी विचारलं, खात्री कशी करायची? म्हणाले, "स्नायूचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. पण जिवंत माणसाच्या हृदयाचा तुकडा मला कोण देणार? या रोगाचं पक्कं निदान शवागारात होतं."

हे त्यांनी बंगालीत सांगितलं. स्वयंपाकघरातल्या मंदाला बंगाली माझ्यापेक्षा जास्त कळतं हे माझ्या लक्षातच राहिलं नाही.

उपचार काय? बिछाना. तीन महिने. जेवणात मीठ नाही, जिना नाही, कॉलेज नाही. बास. शास्त्राचं हे टोक आहे म्हणे.

बाबा गेले तेव्हा वृंदा अकरा वर्षांची होती. तेव्हापासून तिचा भाऊ म्हणा, बाप म्हणा, मीच आहे. आज तिच्या खोलीत गेलो तर म्हणते, "दादा, माझं हृदय सुजलंय म्हणजे मोठं झालं ना? मनाचा मोठेपणा!" हसलो. मला नीट हसता आलं नाही.

२१ नोव्हेंबर

भादुरींनी एक काम दिलंय आणि मला बरं वाटतंय. काम असलं की मी माणसात असतो.

ते म्हणाले, निरोगी हृदय झोपेत सैलावतं, सुजलेलं हृदय झोपेतही धावत राहतं. म्हणून रोज पहाटे, ती गाढ झोपेत असताना, पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. माझ्या यंत्रापेक्षा ती जास्त खरं बोलेल.

तीन पहाटे मोजली. बाबांचं मनगटी घड्याळ घेऊन पलंगाशी बसतो. तिचा हात धरला की ती दचकून डोळे उघडते आणि नाडी उडी मारते. १०४ असते ती ११८ होते. म्हणजे मी मोजतोय काय? तिची नाडी की तिचं दचकणं? माझ्याच विषयातली जुनी गोष्ट आहे: मोजायला हात लावला की जे मोजायचं तेच बदलतं.

मंदा म्हणाली, "मी मोजते ना. माझा हात लागला तरी ती उठत नाही." मी तिला समजावलं की दोन निरीक्षकांचे आकडे एका आलेखात मिसळायचे नसतात. ती म्हणाली, "मग सगळे माझेच घ्या." यावर मी काय बोललो ते आठवत नाही, पण बोललो नक्की.

शेवटी तोडगा निघाला आणि तो मलाच सुचला. वृंदानेच मोजायची. सकाळी जाग आली की डोळेही न उघडता स्वतःची नाडी धरायची. परका हात नाही, दचकणं नाही. ती फिजिक्सचीच विद्यार्थिनी आहे. घड्याळ तिच्या उशीखाली दिलं, आलेखाचे कागद दिले. खूश झाली. गडी बिछान्यात पडून कंटाळला होता.

२७ नोव्हेंबर

१०६, १०८, १०४, १०७, १०५, १०६. वर नाही, खाली नाही.

४ डिसेंबर

काल ११४.

वाचलं. प्रयोगशाळेत गेलो नाही. जेवलो नाही. वरणात मीठ नाही म्हणून मंदावर ओरडलो. वरण वृंदाचं होतं, त्यात मीठ नव्हतंच, मी चुकीच्या वाटीत चमचा घातला होता. दुपारभर खिडकीशी बसून राहिलो. संध्याकाळी घरोघरच्या कोळशाच्या चुलींचा धूर वर आला तेव्हा वृंदा खोकायला लागली. मंदाने उठून खिडक्या लावल्या, माझ्या लक्षातही आलं नाही.

वृंदाने आतून हाक मारली. "दादा, तू जेवला नाहीस?" म्हटलं, भूक नाही. म्हणाली, "माझ्या एका आकड्यावर तुझं जेवण अवलंबून असेल तर मला सांगायचं ना!"

आज सकाळी १०४. देवा, काल मोजायला चुकली असेल.

८ डिसेंबर, रविवार

आज मी गडियाहाटच्या बाजारात मटणाच्या दुकानापुढे उभा होतो. बाबांनी एकतीस वर्षं कलकत्त्यात काढली, पण त्या गल्लीतून जायची वेळ आली तर वळसा घालून जायचे. आज त्यांचा मुलगा बकऱ्याचं हृदय मागत होता. खाटिकाने विचारलं, "भाजायचं की कालवणाला?" म्हटलं, चुंबकात घालायचं आहे. त्याने ते कागदात बांधून दिलं आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे पाहून मान हलवली.

सांगतो. कशासाठी ते इथे तरी सांगतो, कारण खात्यात सांगितलं तर हसतील.

आमच्या यंत्रात आम्ही पदार्थ चुंबकाच्या फटीत ठेवतो आणि त्यातल्या पाण्यामधल्या हायड्रोजनच्या अणूंना रेडिओलहरींचा धक्का देतो. धक्का बसलेले अणू हळूहळू शांत होतात. कोण किती वेळात शांत होतो ते आम्ही मोजतो. दहा वर्षं मी हेच करतोय, सबंध आयुष्य दुसऱ्याचं शांत होणं मोजण्यात गेलं. पण तीन वर्षांपूर्वी अमेरिकेत कुणीतरी दाखवलं की रोगट मांस आणि निरोगी मांस वेगवेगळ्या वेळात शांत होतं. आणि गेल्या वर्षी आणखी एकाने चुंबकाच्या जोरावर पाण्याच्या दोन नळ्यांचं चित्र काढलं. नळ्या न फोडता, आत न डोकावता. चित्र म्हणजे दोन डाग. खात्यात सगळे हसले होते, मीही हसलो होतो. आता तो अंक लायब्ररीतून काढून घरी आणलाय आणि तीन दिवस त्या दोन डागांकडे बघतोय.

सूज म्हणजे शेवटी पाणीच ना? स्नायूत साचलेलं जास्तीचं पाणी. मग चुंबकाला ते दिसायला हवं.

१० डिसेंबर

दिसलं!

हृदयाच्या स्नायूची एक बारीक पट्टी ताजी, दुसरी मिठाच्या पातळ पाण्यात भिजवून फुगवलेली. दोन नळ्या. सकाळी वीज गेली, चुंबक थंड पडला, पुन्हा स्थिर व्हायला तीन तास. गोपेनबाबूंनी, म्हणजे आमच्या चुंबकाच्या जुन्या मेकॅनिकनी, शांतपणे डबा उघडून जेवून घेतलं. दुपारी मोजलं. फुगलेला तुकडा उशिरा शांत होतो. चांगला ठळक फरक. तीनदा मोजलं, तीनदा तेच.

म्हणजे जगात असं यंत्र असू शकतं जे भादुरींच्या त्या 'असावा'चं 'आहे' किंवा 'नाही' करू शकेल. छाती न फाडता. आणि ते यंत्र माझ्यासमोर उभं आहे, आणि त्याची फट पावणेदोन इंच आहे. नळी धरणारा सांगाडा बसवल्यावर आत पेन्सिलीएवढी नळी जाते. वृंदाची करंगळीही मावायची नाही.

गोपेनबाबूंना विचारलं, माणूस मावेल एवढा चुंबक केला तर? ते गंभीरपणे म्हणाले, फट दहापट, म्हणजे वजन हजारपट. दीड टनाचे दीड हजार टन. "इथली माती गाळाची, बाबू. इमारतीसकट खाली जाईल." मग त्यांनी वृंदाची चौकशी केली, दिदिमणींचं कसं आहे? मी त्यांना आलेख दाखवला.

आलेख खरंच दाखवण्यासारखा आहे. १०४, १०३, १०१, १००, ९९, ९८, ९७. काय सुरेख उतरतोय!

१४ डिसेंबर

भादुरी आले. आलेख पाहून "छान, छान" म्हणाले, पण चेहरा छान नव्हता. छाती फार वेळ ऐकली. मला म्हणाले, "आकडे चांगले आहेत. पण कानाला आवडत नाही. एक तिसरा ठोका ऐकू येतो, घोडा दौडावा तसा." मी म्हटलं, कान हे सत्तर वर्षांचं यंत्र आहे, डॉक्टर. ते हसले. स्वभावाने चांगला माणूस. मुलीकडे जमशेदपूरला चाललेत, तीन जानेवारीला परत येतील. जाताना जिन्यात दोनदा म्हणाले, तिला झोपवून ठेवा.

वृंदाने आज आलेखावरून एक गुळगुळीत रेघ काढून दाखवली. "दादा, बघ, तुझ्या अणूंसारखीच शांत होतेय मी." खरंच, अगदी तोच वक्र. आधी भराभर, मग सावकाश. आमच्या यंत्रावर एवढा स्वच्छ वक्र मला वर्षातून एकदा मिळतो. कागद मंदाला दाखवला. तिने पाहिला आणि म्हणाली, "काल रात्री तिने तिसरी उशी मागून घेतली. आडवं पडलं की गुदमरतं म्हणते."

थंडी आहे, नाक चोंदतं.

१९ डिसेंबर

९१.

मंदा आणि मी भांडलो. ती म्हणते, झोपेत वृंदाचा श्वास फार जोरात चालतो. मी म्हटलं, 'जोरात' म्हणजे किती? आकडा सांग. ती म्हणाली, "मला श्वासाचा आकडा येत नाही, मला ती दिसते." मी म्हटलं, हाच तर फरक आहे. ती उठून गेली आणि आतून भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

२४ डिसेंबर

८६. दोन दिवसांत चौऱ्याऐंशी होईल, मी आधीच काढून ठेवलंय.

मंदाने सकाळी मला हाताला धरून नेलं आणि वृंदाच्या पायावरचा मोज्याचा वळ दाखवला. मोजा काढून अर्धा तास झाला तरी खळगा तसाच. मी सांगितलं की इलॅस्टिक नवीन आहे. वृंदाही म्हणाली, "हो वहिनी, इलॅस्टिकच." तिघांपैकी दोघांचं मत पडलं, विषय संपला.

वृंदाला आमचं यंत्र बघायचंय. बकऱ्याच्या हृदयाची गोष्ट सांगितल्यापासून धोशा लावलाय. सव्वा महिना ती छत बघतेय. म्हटलं, चौऱ्याऐंशी आली की नेईन. बक्षीस.

२६ डिसेंबर

८४! बरोब्बर.

२९ डिसेंबर, रविवार. हॉस्पिटल.

काल नेलं.

टॅक्सी अगदी दाराशी आणली. जिना उतरायचाच होता, उतरायला काय लागतं. यंत्र तळमजल्यावर. गोपेनबाबूंनी तिला खुर्ची दिली, चुंबकापाशी जाण्याआधी घड्याळ काढून ठेवायला सांगितलं. मी दोन्ही नळ्या मोजून दाखवल्या. तिने पडद्यावरचा वक्र बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे खरं आहे ना दादा? म्हणजे, हे आपोआप असंच येतं?" मी म्हटलं, आपोआपच येतं, निसर्ग खोटं बोलत नाही. ती पुन्हा पडद्याकडे वळली. ओठ जरा निळसर वाटले. हिरव्या पडद्याचा उजेड असेल असं वाटलं.

परत आल्यावर जिना. खुर्चीत बसवून वर नेऊ का विचारलं. म्हणाली, चढते की. एका मजल्यावर थांबली. दुसऱ्या मजल्यावर मी नाडी बघू का म्हटलं, तर हात मागे घेतला. "तुझ्या हाताने वाढते ना." मला ते पटलं. मलाच पटलं!

तिसऱ्या मजल्याच्या चार पायऱ्या राहिल्या होत्या. ती खाली बसली आणि मग माझ्या पायांवर आडवी झाली.

शेजारच्यांनी खुर्चीत बांधून खाली नेलं. इथल्या तरुण डॉक्टरने मनगट धरलं आणि १४६ म्हणाला.

३१ डिसेंबर

घड्याळाचं काम असणार. कधीतरी मी ते चुंबकापाशी नेलं असेन, त्याची स्प्रिंग बिघडून ते मागेपुढे चालत असेल, त्यामुळे आकडे चुकले. आज घरी जाऊन रेडिओच्या वेळेशी लावून बघितलं, दोन तास.

एक सेकंदही चुकत नाही.

३ जानेवारी १९७५

भादुरी परत आले, स्टेशनवरून सरळ इथे. एक्स-रे दाखवला. नोव्हेंबरातल्या तापात काढलेल्या एक्स-रेत हृदयाची सावली छातीच्या निम्म्याहून थोडी जास्त होती, आता दोन तृतीयांश. मी म्हटलं, पण नाडी तर ८४ वर आली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "झोपेत कोणी मोजली?"

मी सांगितलं. माझा युक्तिवादही सांगितला, पूर्ण. ते ऐकत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

५ जानेवारी

वृंदाने आज स्वतःच सांगितलं. नाकात ऑक्सिजनची नळी, दोन-दोन शब्दांनी बोलत होती.

"चार डिसेंबरपासूनचे सगळे माझ्या मनाने, दादा. पहिले खरे. मग तू जेवला नाहीस."

मी विचारलं, खरे किती असायचे?

"मोजलेच नाहीत. भीती वाटायची."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "वक्र मात्र चांगला काढला होता." आणि तिला हसू आलं आणि हसण्याने दम लागला, आणि नर्सने मला बाहेर काढलं.

बाहेर बाकावर मंदा होती. मी तिला सांगितलं. तिला माहीत होतं. आकडे मनाने लिहिलेत हे नव्हे, पण मूल आजारी आहे हे माहीत होतं. ती रोज पहाटे वृंदाची नाडी मोजत होती, मला न सांगता, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी. ११०, ११२, ११६. मी म्हटलं, मला सांगायचं ना! मंदा म्हणाली, "तीनदा आले होते सांगायला. तुम्ही म्हणालात, दोन निरीक्षकांचे आकडे मिसळायचे नसतात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी वळसा कुठवर घातला! खाटिकापर्यंत.

९ जानेवारी

निर्णय माझ्यावर टाकलाय.

भादुरी म्हणाले, स्टेरॉइडच्या गोळ्या देता येतील. आत सूज अजून जिवंत असेल तर कदाचित उपयोग होईल. सूज विझून नुसते व्रण उरले असतील तर उपयोग नाही, उलट जंतू उठतील, पाणी साचेल. मी विचारलं, आत काय आहे, सूज की व्रण? ते म्हणाले, "हेच कळत नाही. नाडीने कळत नाही, ईसीजीने कळत नाही, एक्स-रे फक्त सावली दाखवतो. स्नायू बघितल्याशिवाय कुणालाच कळणार नाही." मी विचारलं, शक्यता किती? शेकडा किती? म्हणाले, "कुणी मोजलेलं नाही, चारुबाबू."

सूज की व्रण. भिजलेली पट्टी की सुकलेली. हा प्रश्न माझा चुंबक दहा मिनिटांत सोडवतो, तुकडा आणून द्या फक्त. आज संध्याकाळी प्रयोगशाळेत गेलो, नुसता. यंत्र बंद होतं, सांगाडा काढून ठेवलेला. त्या फटीत हात घालून उभा राहिलो. माझी चार बोटं जेमतेम गेली. गोपेनबाबू दारात होते, दिवा लावून निघून गेले. तिथे उभं राहून मी रडलो. असा रडेन असं मला वाटलं नव्हतं.

कधीतरी कुणीतरी ते यंत्र करील. माणूस त्यात झोपेल आणि डॉक्टर काचेआडून सांगेल, इथे सूज आहे, इथे नाही. वीस वर्षांनी, तीस वर्षांनी. त्या माणसाबद्दल मला आत्ता नुसता राग आहे.

१० जानेवारी

गोळ्या द्या म्हटलं. का, ते मलाही सांगता येणार नाही. मंदाला विचारलं तर म्हणाली, "द्या. काहीतरी दिलं असं होईल." यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडेही नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. मंदाने तिळगूळ करून हॉस्पिटलात आणला, सगळ्या वॉर्डभर वाटला. शेजारच्या खाटेवरच्या बंगाली आजी विचारत होत्या, हे कशाचं? मंदाने सांगितलं, आमच्यात आज गोड बोलायचं असतं. वृंदाने एक कण जिभेवर ठेवला. माझ्या हातावर वडी ठेवून म्हणाली, "दादा, वहिनीशी गोड बोल." मी मंदाशी काय गोड बोलणार होतो? तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण वॉर्डात तेही जमेना.

२ फेब्रुवारी

घरी आणलं. भादुरी म्हणाले, हॉस्पिटलात जे होतंय ते घरीही होईल. गल्लीतल्या चौघांनी खुर्ची उचलून तिला वर चढवलं. गोळ्यांनी तिचा चेहरा गोल झालाय, ओळखू येत नाही. पायांची सूज तशीच. तीन आठवडे झाले, उपयोग होतोय का विचारलं तर भादुरी हात पसरतात. आता ते 'असावा'ही म्हणत नाहीत.

५ फेब्रुवारी

आज भादुरी म्हणाले, आता मिठाचं फार पाळू नका, तिला जे आवडेल ते खाऊ द्या. मला वाटलं, चला, काहीतरी बरं होतंय! मी मंदाला आनंदाने सांगायला गेलो. तिने पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळली. तेव्हा कुठे मला कळलं.

दुपारी वृंदाने बटाटेवडा मागितला. अर्धा खाल्ला. म्हणाली, "मीठ! काय चीज आहे, दादा."

१२ फेब्रुवारी

आठ दिवस झाले, पहाटे नाडी मी मोजतो. हात धरायला मंदाने शिकवलं. बोटं आधी स्वतःच्या कुशीत गरम करायची, मग मनगटाखालून घ्यायची, वरून नाही. वृंदा उठत नाही आता. माझ्या हाताने उठत नाही की तिच्यातच तेवढी शक्ती उरली नाही, हे मी विचारत नाही.

पण जाग आली की पहिलं विचारते, "किती?" आणि मी सांगतो, आणि तिच्यासमोर आलेखावर बिंदू काढतो, कारण ती कागद मागते. १२०, ११८, ११७, ११५, ११४, ११३, ११२.

आज बराच वेळ मोजत बसलो. मध्येच ठोके चुकत होते, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागत होतं. तिने डोळे उघडले.

"किती?"

"एकशे अकरा."

"काल?"

"काल एकशे बारा होती."

"म्हणजे उतरतेय."

"उतरतेय तर."

कागद पुढे धरला. तिने नीट पाहिला, आठही बिंदू, डावीकडून उजवीकडे. मग माझ्याकडे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी ती तिच्या जुन्या खोडकर पद्धतीने हसली.

"फारच सुरेख वक्र आलाय, दादा," म्हणाली. "जेवलास ना?"

म्हटलं, जेवेन. तिने डोळे मिटले. हात माझ्या हातातच होता आणि बोटं अजून नाडीवर होती, म्हणून मी आणखी एकदा मोजली. खरा आकडा मंदाला सांगितला नाही, आणि इथेही लिहीत नाही.